चार सेकंदांची चूक, दोन वर्षांचा हिशेब



२०२३ च्या आपल्या पाडव्याच्या कार्यक्रमात साउंड सिस्टिम पाऊण तास उशिरा सुरू झाली होती, हे काहींना आठवत असेल. तिची जबाबदारी माझ्याकडे होती. "विमानतळावर अडकलो होतो" एवढंच मी तेव्हा सांगितलं आणि सगळ्यांना वाटलं, कुणाला तरी आणायला गेला असेल. खरं म्हणजे त्या दुपारी मी गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर, पंखा वाकलेल्या एका चार सीटच्या विमानाशेजारी उभा होतो. पुढच्या सीटवरून नुकतेच उतरलेले माझे वडील शर्ट झटकत म्हणत होते, "काही झालं नाही. चल, उशीर होतोय."

बरंच काही झालं होतं. ते कळायला एक रात्र लागली आणि निस्तरायला दोन वर्षं. आपल्या मंडळात आता माझ्यासकट चार जण हौसेनं विमान चालवतात, आणि त्यांच्या शेजारी बसून हवेतून घर बघायला जाणारे तर कितीतरी आहेत. म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही, वकील नाही, विमा एजंटही नाही. प्रोग्रॅम लिहून पोट भरणारा माणूस आहे. इथे लिहिलंय ते स्वतःच्या खिशाला आणि बाबांच्या पाठीला चटका बसल्यावर शिकलेलं आहे. बाबांनी लिहायची परवानगी दिली, ती एका अटीवर. ती अट पुढे येईलच.

हौस आणि तिचे नियम

अमेरिकेत खासगी वैमानिकाचा परवाना सतराव्या वर्षापासून काढता येतो. नियमाप्रमाणे किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले निदान २० शिक्षकाबरोबर आणि १० एकट्यानं. प्रत्यक्षात बहुतेकांना त्याहून बरेच जास्त लागतात. मी २०२१ मध्ये परवाना काढला. विमान माझं नाही. एका फ्लाइंग स्कूलचं सेसना १७२ तासाच्या भाड्यानं घ्यायचं. १९५६ साली बाजारात आलेलं हे विमान जगात सर्वांत जास्त संख्येनं बनलेलं विमान आहे. आजवर ४४ हजारांहून अधिक बनली. साधं, गुणी विमान. दोष त्याचा नव्हता.

बरोबर माणसं घ्यायची तर गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग केलेली असावी लागतात. माझी बरोबर तीन होती. तीही अकरा आठवड्यांपूर्वीची, जानेवारीतल्या एका वारा नसलेल्या सकाळची. म्हणजे कायद्यानं मी पात्र होतो, पण हाताला सवय राहिली नव्हती. हा फरक तेव्हा मला कळला नाही.

छोट्या विमानाचा अपघात म्हटलं की आपल्याला जुलै १९९९ मधला केनेडींच्या मुलाचा अपघात आठवतो. रात्री समुद्रावरून खाली येताना दिशाभान हरवलं आणि विमानातले तिघेही गेले. बातमी होते ती अशा अपघातांची. पण हौशी उड्डाणातले संख्येनं सर्वांत जास्त अपघात होतात ते लँडिंगच्या वेळी, आणि त्यांत जीव क्वचित जातो. म्हणून त्यांची बातमी होत नाही. त्यांची बिलं मात्र येतात.

त्या दुपारी

आई-बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. बाबा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, वय ६९. मुलगा विमान चालवतो हे त्यांनी गावभर सांगून झालं होतं. बसायचं तेवढं राहिलं होतं. कार्यक्रम संध्याकाळी पाचला. दुपारी तासभर फिरवून आणू, असा बेत ठरला. आई, माझी पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी कुंपणाजवळ कॅमेरा घेऊन थांबल्या.

परत येताना रेडिओवर विमानतळाच्या हवामान यंत्राचा आवाज ऐकला. वारा ३४० अंशांवरून, १२ नॉट, झोत २० नॉटपर्यंत. आमची एकच धावपट्टी, पश्चिमेकडे तोंड केलेली, म्हणजे २७० अंशांची. वारा धावपट्टीला ७० अंशांचा कोन करून येत होता. गणित सोपं आहे: बाजूनं लागणारा वारा एरवी सुमारे ११ नॉट, झोत आला की जवळजवळ १९. या विमानाच्या पुस्तकात चाचणीत दाखवून दिलेला आडवा वारा १५ नॉटचा आहे. तो काही कायद्याचा आकडा नाही, पण सराव नसलेल्या हौशी माणसानं तो कायदाच समजावा. पंचवीस मैलांवर दुसरा विमानतळ होता. त्याची धावपट्टी त्या वाऱ्याला जवळजवळ समोरून घेणारी होती. मला तो ठाऊक होता. पण तिकडे उतरलो असतो तर कुणाला तरी गाडी घेऊन बोलवावं लागलं असतं, कार्यक्रमाला उशीर झाला असता, आणि कुंपणाजवळ कॅमेरा होता. आज हे लिहिताना लाज वाटते, पण कारणं एवढीच होती.

भीतीपोटी मी वेग जास्त ठेवला. ६५ ते ७० नॉटनं यायला हवं होतं, मी आलो ७८ नं. ६५ च्या जागी ७८ म्हणजे वेग वीस टक्के जास्त. पण ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, म्हणजे ४४ टक्के जास्त. ती कुठेतरी जायला हवी. विमान धावपट्टीवर तरंगत राहिलं, झोतानं बाजूला सरकलं, मग आदळलं आणि उसळून पुन्हा वर गेलं.

इथे एकच गोष्ट करायची असते: पूर्ण पॉवर देऊन परत वर जायचं, एक चक्कर मारायची आणि नव्यानं यायचं. याला 'गो-अराउंड' म्हणतात. मी शिकताना तो पन्नासदा केला होता. त्या वेळी मात्र मी उलट केलं. जमीन दिसत होती, म्हणून हँडल पुढे दाबलं. विमान दुसऱ्यांदा आपटलं ते पुढच्या चाकावर. ते चाक वाकलं, पंख्याची टोकं जमिनीला लागून वळली आणि आम्ही धावपट्टीच्या कडेला गवतात थांबलो. पहिल्या आदळण्यापासून थांबेपर्यंत साधारण चार सेकंद.

एक गोष्ट मात्र मी नीट केली होती. बाबांना खांद्यावरचा पट्टा शर्टाला घासतो म्हणून नको होता. मी हट्टानं लावला. तो नसता तर डोकं समोरच्या पॅनेलवर आपटलं असतं.

उसण नव्हे, मणका

बाबा स्वतःच्या पायांनी उतरले, कार्यक्रमाला आले, पहिल्या रांगेत ताठ बसले. कुणी विचारलं तर, "जरा उसण भरलीय." रात्री आईनं तेल लावून शेकलं. पहाटे त्यांना कुशीवर वळता येईना. मग इमर्जन्सी रूम, एक्स-रे, सी.टी. स्कॅन. कमरेचा पहिला मणका दबून पाचरीसारखा झाला होता. डॉक्टर म्हणाले, सीटवर उभं आदळल्यावर हे होतं, आणि छाती व कंबर जिथे जुळतात तिथलेच मणके बहुधा दबतात. नंतर हाडांच्या घनतेची तपासणी केली तेव्हा कळलं, हाडं आधीच ठिसूळ झाली होती. आपण समजतो हा बायकांचा आजार. वय झालेल्या पुरुषांनाही तो असतो, फक्त कुणी तपासत नाही.

नशिबानं मज्जारज्जूला धक्का नव्हता. दोन रात्री दवाखान्यात, मग तीन महिने पाठीला ब्रेस, वेदनाशामक गोळ्या, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि हळूहळू चालणं. आता ते बरे आहेत. उंची मात्र थोडी कमी झाली.

घरोघरच्या आई-बाबांसाठी यातून घेण्यासारखं इतकंच: गाडी असो, विमान असो वा जिन्यावरून घसरणं असो, जोरात आदळल्यावर पाठीच्या मध्यावर दुखत असेल, उभं राहिल्यावर वाढत आणि आडवं झाल्यावर कमी होत असेल, तर त्याला उसण म्हणून तेल लावू नका. एक्स-रे काढा. पायांत मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा किंवा लघवी अडणं यांपैकी काही दिसलं तर त्याच मिनिटाला ९११. पट्ट्याच्या जागी पोटावर वळ उठला असेल किंवा पोट दुखत असेल तर तेही दाखवा. आतली इजा उशिरा कळते. आणि आपल्या लोकांचं "काही झालं नाही" हे निदान समजू नका.

कुठला विमा कामी आला

दवाखान्याचं बिल ३८,००० डॉलर. मी निर्धास्त होतो. बाबांसाठी व्हिजिटर इन्शुरन्स घेतला होता ना! त्याच्या कलमांत, सतराव्या पानावर, लिहिलं होतं की तिकीट काढून नियमित विमान कंपनीच्या विमानातून केलेला प्रवास सोडून इतर कुठल्याही विमानात झालेली इजा यात नाही. असं कलम प्रवासाच्या विम्यात सर्रास असतं. मी ते वाचलं नव्हतं. प्रोग्रॅममधली प्रत्येक अट तपासणारा मी, वडिलांच्या विम्याच्या अटी मात्र न वाचता सही करून मोकळा झालो होतो.

घराचा विमा? विमानामुळे होणारं नुकसान त्यात बहुधा वगळलेलं असतं. अम्ब्रेला पॉलिसी? तिच्यातही सहसा तेच. फ्लाइंग स्कूलचा विमा? तो स्कूलचं रक्षण करतो, भाड्यानं घेणाऱ्याचं करेलच असं नाही. माझ्या बाबतीत करत नव्हता. उलट त्यांच्या विमा कंपनीनं स्कूलला दुरुस्तीचे पैसे दिले आणि ते माझ्याकडून वसूल करण्याचं पत्र मला पाठवलं. या वसुलीच्या हक्काला सब्रोगेशन म्हणतात. पंखा जमिनीला लागला की नवा पंखा बसवून भागत नाही. इंजिन उघडून आतून तपासावं लागतं. दुरुस्ती आणि बुडालेलं भाडं मिळून ४१,००० डॉलर.

कामी आली ती भाड्याच्या विमानासाठी स्वतः घेतलेली 'नॉन-ओन्ड' पॉलिसी. तिचे दोन भाग असतात. एक, दुसऱ्याला झालेली इजा आणि नुकसान. माझी मर्यादा १० लाखांची, पण बारीक अक्षरात 'दर प्रवाशामागे १ लाख'. दुसरा भाग भाड्याच्या विमानाच्या नुकसानीचा. तिथे मी वर्षाचे थोडे डॉलर वाचवायला सर्वांत खालची, १०,००० ची मर्यादा घेतली होती. उरले ३१,०००. बोलणी करून २४,००० वर आणले आणि हप्ते बांधून घेतले. घराच्या डाउन पेमेंटसाठी साठवलेले पैसे त्यात गेले. आम्ही अजून अपार्टमेंटमध्येच राहतो, आणि पत्नीनं एकदाही त्यावरून टोमणा मारला नाही, हे इथे नमूद करतो.

बाबांची सही

राहिलं दवाखान्याचं बिल. ते माझ्या पॉलिसीच्या पहिल्या भागातून मिळू शकत होतं. पण तो भाग 'माझ्या चुकीनं दुसऱ्याला झालेल्या इजे'चा. म्हणजे बाबांनी लेखी दावा करायला हवा की मुलाच्या चुकीमुळे आपल्याला इजा झाली. बाबांनी कागद बाजूला सारला. "पोटच्या पोरावर दावा लावू? गावाकडचं शेत विकीन, पण सही करणार नाही." आठवडाभर घरात हा विषय बंद.

मधल्या काळात दुसरा एक कागद माझ्या टेबलावर होता. छोट्या विमानांचे अपघात एन.टी.एस.बी. ही सरकारी संस्था तपासते. नुसतं चाक आणि पंखा वाकणं हे तिच्या व्याख्येत 'मोठं नुकसान' धरत नाहीत. पण बोटं आणि नाक यांची साधी फ्रॅक्चर सोडून कुठलंही हाड मोडलं तर ती 'गंभीर इजा' आणि तो 'अपघात' ठरतो. बाबांचा मणका दिसला त्याच दिवशी मला फोन करून कळवावं लागलं. लेखी अहवाल दहा दिवसांत. त्याच्या फॉर्मवर शेवटी एक प्रश्न असतो: हा अपघात कसा टाळता आला असता?

मी लिहिलं होतं: अचानक आलेल्या वाऱ्याच्या झोतामुळे विमानावरचा ताबा सुटला.

बाबांनी मला त्याचं मराठी करून सांगायला लावलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्याकडे दर अपघाताच्या कागदावर पहिलं वाक्य एकच असायचं. ब्रेक फेल. गाडी वर्कशॉपला आली की मी आधी ब्रेक बघायचो. दहातल्या नऊ गाड्यांचे ब्रेक चांगले असायचे." मग थोडं थांबून, "रेडिओवर त्या बाईनं वारा सांगितला होता ना? मला इंग्रजी कमी कळतं, पण आकडे कळतात. ती वीस म्हणाली होती. मग अचानक कसा?"

मी तो कागद फाडला. नव्यानं लिहिलं: वारा माझ्या सरावापलीकडचा आहे हे मला दहा मिनिटं आधी ठाऊक होतं. पंचवीस मैलांवर योग्य धावपट्टी होती. वेग जास्त होता. पहिल्या उसळीनंतर गो-अराउंड करायला हवा होता, तो केला नाही. पाठवण्याआधी माझ्या विमा कंपनीला आणि एका वकिलाला दाखवलं. खरं असेल ते लिहावंच लागतं, असं दोघांनीही सांगितलं.

बाबांनी तोही वाचून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी दाव्याचा कागद मागितला आणि सही केली. "आता तूच लिहिलंयस की चुकलं. मग मी काय वेगळं म्हणतोय?" बिल चुकतं झालं. लेखाला त्यांची अट हीच होती: "वाऱ्यावर ढकलायचं नाही."

तुमच्यासाठी, थोडक्यात

वैमानिकांनी आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्यांनी ही यादी फ्रिजवर लावावी.

१. विमान भाड्यानं घेत असाल तर स्वतःची नॉन-ओन्ड पॉलिसी घ्याच. मोठा आकडा बघू नका, 'दर प्रवाशामागे' किती ते बघा. विमानाच्या नुकसानीची मर्यादा स्कूलला विचारून ठरवा. घरच्या माणसांना झालेली इजा काही पॉलिसीत वगळलेली असते. तेही लेखी विचारा.

२. आई-वडील भारतातून आले असतील तर त्यांचा विमा आधी वाचा. खासगी विमान वगळलेलं असेल तर त्यांना जमिनीवरूनच हात हलवू द्या.

३. आयुर्विम्याच्या अर्जात विमान चालवण्याबद्दल विचारतात. खरं सांगा. कंपनी एकतर उड्डाणातला मृत्यू वगळते किंवा जादा हप्ता घेते. हजारामागे अडीच डॉलर धरले तर ५ लाखांवर वर्षाला १,२५० होतात. लपवलंत तर पहिल्या दोन वर्षांत कंपनी दावा नाकारू शकते, आणि तो फटका मागे राहिलेल्यांना बसतो. नोकरीतल्या अपघाती विम्यात वैमानिक बहुधा वगळलेला असतो.

४. मित्रांनी पेट्रोलला हातभार लावला तर तो फक्त बरोबरीच्या वाट्यानं. इंधन, तेल, विमानतळाचा खर्च आणि भाडं एवढ्याचाच. वैमानिकानं स्वतःचा वाटा भरायलाच हवा. त्याहून जास्त घेतलंत तर कायदाही मोडतो आणि विमाही धोक्यात येतो.

५. सर्दीची गोळी घेऊन उडू नका. झोप आणणाऱ्या डायफेनहायड्रामिननंतर एफ.ए.ए. ६० तास थांबायला सांगते. दारूनंतर किमान ८ तास. जागरण, काळजी, घाई यांचे तास कुणी ठरवून दिलेले नाहीत. ते आपले आपण मोजायचे.

६. दवाखान्याचं बिल आलं की कलमवार तपशील मागा. नफ्यासाठी नसलेल्या रुग्णालयांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. ते मागून घ्या आणि तोपर्यंत क्रेडिट कार्ड काढू नका.

७. प्रवाशाला आधीच सांगून ठेवा: "कदाचित आपण खाली येऊन पुन्हा वर जाऊ, कदाचित दुसरीकडेच उतरू." हे एक वाक्य आधी बोललेलं असलं की परत वर जाताना मान खाली जात नाही. मी ते बोललो नव्हतो.

मी सहा महिन्यांनी शिक्षकाबरोबर पुन्हा सुरुवात केली. आता माझी आडव्या वाऱ्याची मर्यादा ८ नॉट. ती लिहून कॉकपिटमध्ये चिकटवलेली आहे. गेल्या उन्हाळ्यात तीनदा लँडिंग सोडून वर गेलो आणि एकदा शेजारच्या गावी उतरून पत्नीला गाडी घेऊन बोलावलं. ती आली. कसलाही कार्यक्रम बुडाला नाही.

बाबा साताऱ्याला आहेत. दर रविवारी फोनवर आधी नातीची चौकशी करतात आणि मग विचारतात, "आज वारा किती म्हणतेय ती बाई?"

पुढच्या सभेला आपापल्या पॉलिसीची कलमं घेऊन या. मी चहा करीन, आपण मिळून वाचू.